अर्थिंगची वायर कशी जोडावी: नवशिक्यांसाठी

प्रथम बॉनेट उघडावे. पहिल्या झटक्यात पेट्रोलच्या टाकीचे झाकण उघडते. ते तसेच राहू द्यावे.

साहित्य: दहाचा पाना, पॉलिश पेपर, खायचा सोडा, गरम पाणी, व्हॅसलीन आणि सोसायटीतले एक काका. काकांना बोलवावे लागत नाही. बॉनेट वर गेले की ते चहाचा कप घेऊन येतात आणि आत न डोकावताच सांगतात, "बॅटरी गेली!" मी त्यांचे ऐकून नवी बॅटरी आणली. गाडी पूर्वीइतक्याच निष्ठेने 'टक् टक्' करत राहिली.

आता बोटातली अंगठी काढून खिशात ठेवावी. कारण पुढे येईल.

बॅटरीला दोन वायरी असतात. लाल वायरीला रबरी टोपी आणि सगळ्यांचा आदर. काळीला काहीच नाही. हीच अर्थिंगची वायर; ती बॅटरीवरून निघते आणि गाडीच्या पत्र्याला नाहीतर इंजिनाला जाऊन मिळते. नियम एकच: काढताना काळी आधी, लावताना काळी शेवटी. काळी जोडलेली असेल तर गाडीची अख्खी बॉडी निगेटिव्ह असते. अशा वेळी लालचा नट फिरवताना पान्याचे दुसरे टोक पत्र्याला टेकले की थेट शॉर्ट. मध्ये अंगठी आली तर ती क्षणात तापते, आणि बोट तिच्या आतच असते.

टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी दिसेल. ती बुरशी नसून क्षार आहेत. बोटाने उकरू नयेत. सोड्याचे गरम पाणी ओतावे, फसफसू द्यावे, पण बॅटरीच्या झाकणांतून आत जाऊ देऊ नये. मग कोरडे पुसावे.

इथपर्यंत सगळे करतात आणि हात धुतात. खरी भानगड वायरीच्या दुसऱ्या टोकाला असते. तिथे वाकावे लागते, म्हणून कुणी जात नाही. माझ्या गाडीत त्या बोल्टखाली कुण्या कलाकाराने मनापासून रंग मारला होता. बोल्ट घट्ट, वायर धडधाकट, आणि वायर व पत्रा यांच्या मध्ये रंगाचा थर! दिवे आणि हॉर्न यांना थोडाच करंट लागतो, ते चालतात. सेल्फला शंभराहून जास्त अँपिअर लागतात, तो तिथेच अडतो. म्हणून पत्रा चिंचेने घासलेल्या तांब्यासारखा लखलखेपर्यंत पॉलिश पेपरने घासावा, बोल्ट आवळावा आणि वरून व्हॅसलीन लावावे. आधी नव्हे.

शेवटी काळीचा क्लॅम्प बॅटरीवर बसवावा. हातोडीने ठोकू नये. आवळल्यावर हाताने हलवून पाहावा. हलला तर अजून बसलेला नाही.

मल्टिमीटर असल्यास डीसी व्होल्टवर ठेवून एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीला, दुसरे इंजिनाच्या उघड्या धातूला लावावे आणि कुणालातरी सेल्फ मारायला सांगावे. आकडा 0.2 व्होल्टच्या आत हवा. सेल्फ मारायला काका चालतात.

गाडी सुरू होईल. डॅशबोर्डवरच्या घड्याळात बारा वाजलेले असतील. काका म्हणतील, "मी म्हटलंच होतं, कनेक्शन लूज असणार." जुनी बॅटरी एक्सचेंजमध्ये दिली की परत मिळत नाही, तेव्हा दुकानात जाण्याआधी एकदा वाका.