नवं नाटक पाहू इच्छिणाऱ्या नवशिक्यांसाठी सूचना

सर्वप्रथम भिंतीवरचं कॅलेंडर काढून हातात घ्या. मराठी नाटकाचा हंगाम पंचांगावर चालतो. गणपतीत माणसं देखावे पाहत हिंडतात. त्यानंतरचा पंधरवडा पितरांचा, त्यात नवं नाटक काढायला निर्माता सहसा धजत नाही. नाटकात तो भले अंधश्रद्धेवर तुटून पडत असेल, पण शुभारंभाचा नारळ तो पितृपक्षात फोडत नाही. घटस्थापना झाली की वर्तमानपत्राच्या नाटकांच्या पानावर चौकटी दाटू लागतात. दसऱ्याचा मुहूर्त, मग दिवाळीचे फराळात जाणारे एक-दोन दिवस, पाडव्याच्या पहाटे नाट्यगृह शास्त्रीय गायनाला, आणि भाऊबीजेपासून पुन्हा नाटक. ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिन. त्याच सुमारास राज्य नाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेऱ्या. डिसेंबर लागला की शाळांची स्नेहसंमेलनं येऊन रंगमंच ताब्यात घेतात.

म्हणजे नव्या नाटकाच्या हाती दोन-अडीच महिने, आणि त्यातले शनिवार-रविवारच. सोमवार ते शुक्रवार नायिका कुठल्या तरी मालिकेत कुणाची तरी सून असते. ही आकडेमोड नवशिक्यानं पाठ करावी, कारण पुढे जे काही बिनसतं ते इथेच बिनसतं.

आता जाहिरात वाचायला शिका. नाटकाची जाहिरात उभी वाचतात. सर्वांत वर निर्मितीसंस्था, खाली नाटकाचं नाव, त्याखाली लेखक-दिग्दर्शक, मग नेपथ्य, प्रकाशयोजना, संगीत, आणि तळाशी इतक्या बारीक अक्षरांत सूत्रधार की त्याच्या घरच्यांनाही भिंग लागावं. कलाकारांची नावं कोणत्या क्रमाने छापायची यावर तालमीपेक्षा जास्त वेळ गेलेला असतो. पहिलं नाव मानाचं, पण शेवटचं त्याहून मानाचं, जर त्याच्याआधी ‘आणि’ असेल तर. ही ‘आणि’ची श्रीमंती डॉ. काशिनाथ घाणेकरांनी मिळवली. पुढे २०१८ मध्ये त्यांच्यावर चित्रपट निघाला तेव्हा ते ‘आणि’ त्याच्या नावातही गेलं.

जाहिरातीतले काही शब्द जसेच्या तसे घ्यायचे नसतात. ‘लवकरच’ म्हणजे तारीख मिळालेली नाही. ‘मोजकेच प्रयोग’ म्हणजे मुख्य नटाच्या तारखा मोजक्या आहेत. ‘लोकाग्रहास्तव’ वाचल्यावर ते लोक कोण हे विचारू नये. ‘कौटुंबिक’ म्हणजे आईला नेता येईल, ‘बोल्ड’ म्हणजे आईला नेऊनही काही बिघडणार नाही. ‘विचारप्रवर्तक’ असेल तर रात्री साडेआठच्या प्रयोगाआधी जेवून जा. ‘दोन अंकी धमाल’ हा शब्दप्रयोग मात्र प्रामाणिक असतो: दोन अंक असतातच.

पुढची पायरी पास मागण्याची, ती गाळा. तुमच्या चुलत मेहुण्याचा मित्र त्या नाटकात प्रकाशयोजना सांभाळतो हे खरं असेल. तरी नव्या नाटकाचा पास मागणं म्हणजे लग्नघरी जाऊन आहेराचं पाकीट मागणं. तिकीट काढा. खिडकीवर गेलात तर प्लॅन बघायला मिळेल, आणि त्यावरच्या खुणांची दाटी पाहून नाटकाची प्रकृती कळेल. हे ज्ञान मोबाइलवरून तिकीट काढणाऱ्यालाही मिळतं, पण खिडकीवरच्या माणसाचा चेहरा मिळत नाही. तुम्ही नव्या नाटकाचं नाव घेतल्यावर तो मान वर करून तुमच्याकडे पाहतो तो क्षण तिकिटाच्या किमतीत धरलेला असतो.

आणि आता अनुभवी प्रेक्षकाची सर्वांत कठीण विद्या: थांबणे. तो पहिल्या आठवड्यात नवं नाटक पाहत नाही. आधी तो परीक्षण येण्याची वाट पाहतो. परीक्षण चांगलं आलं तर ‘परीक्षकांना आवडतं ते आपल्याला झेपत नाही’ म्हणून, आणि वाईट आलं तर परीक्षण वाईट आलं म्हणून थांबतो. मग शेजारचे कुलकर्णी बघून येऊ देत म्हणतो. कुलकर्णी त्याच्यासाठी थांबलेले असतात. मग ‘पंचविसावा होऊ दे, जरा बसू दे नाटक’. शनिवारी तीन, रविवारी तीन असं धरलं तरी पंचविसावा प्रयोग यायला महिना लागतो, आणि इतक्या तारखा कुठल्या नाटकाला मिळतात? मधल्या काळात रिकाम्या खुर्च्यांपुढे दहा प्रयोग करून निर्मात्यानं सेट गोदामात टाकलेला असतो.

थांबण्याचं फळ काय असतं, याचे दाखले मराठी रंगभूमीने जपून ठेवले आहेत. ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग पुण्यात १६ डिसेंबर १९७२ रोजी झाला. एकोणीस प्रयोगांनंतर ते करणाऱ्या संस्थेनंच ते थांबवलं. ‘पंचविसावा होऊ दे’ म्हणणाऱ्या पुणेकराला थेट १९७४ उजाडेपर्यंत, थिएटर अकॅडमी निघून तिने ते पुन्हा उभं करेपर्यंत, घरी बसावं लागलं. आज मात्र पुण्यात ज्याला भेटाल त्याने पहिलाच प्रयोग पाहिलेला असतो. भरत नाट्य मंदिर त्या संध्याकाळी केवढं होतं, देव जाणे.

दुसरा दाखला ‘वस्त्रहरण’चा. गंगाराम गवाणकरांचं हे मालवणी नाटक मच्छिंद्र कांबळींनी १९८० मध्ये व्यावसायिक रंगभूमीवर आणलं आणि सुरुवातीला त्याला माणसं येईनात. पु. ल. देशपांड्यांनी ते पाहिलं, मनापासून कौतुक करणारं पत्र लिहिलं, ते पत्र लोकांपुढे आलं आणि मग खिडकीवर रांग लागली. पुढे पाच हजारांहून अधिक प्रयोग झाले. पुलंनी ‘कुलकर्ण्यांना आधी बघून येऊ दे’ म्हटलं असतं तर काय झालं असतं, हे नवशिक्यानं स्वतःच लिहून काढावं. गुण नाहीत.

तेव्हा तुम्ही अजून शिकाऊ आहात याचा फायदा घ्या आणि पहिल्या पाच-सहा प्रयोगांतला एक गाठा. नाटक कच्चं असेल. असतंच. ‘संगीत शाकुंतल’ ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात लागलं तेव्हा सात अंकांपैकी पहिले चारच झाले होते, आणि त्या चार अंकांवर पुढचं संगीत नाटक उभं राहिलं. आजच्या शुभारंभात अंक पूर्ण असतात, त्याऐवजी दार उघडत नाही. नायक ते दोनदा ओढतो, मग खिडकीतून आत येतो आणि ‘किल्ली विसरलो’ असं एक वाक्य जागच्या जागी रचतो. पंचविसाव्या प्रयोगाला दार सुरळीत उघडतं, पण कधीकधी ते वाक्य चांगलं जमलेलं असतं म्हणून नायक खिडकीतूनच येत राहतो. कोणती गोष्ट अपघाताने आली आणि कोणती लेखकाने लिहिली, हे फक्त सुरुवातीला आलेल्यांना ठाऊक.

शिवाय पहिल्या प्रयोगांना दिग्दर्शक प्रेक्षागृहात असतो. शेवटच्या रांगेमागे, दाराशी, उभा. तो रंगमंचाकडे कमी आणि तुमच्या पाठींकडे जास्त पाहतो. कुठे हसू अपेक्षेआधी फुटलं, कुठे फुटलंच नाही, कुठे खोकले सुरू झाले. खोकला हे मराठी प्रेक्षकाचं सर्वांत विश्वासू परीक्षण आहे. दोन खोकले आले की वाक्य जातं, पाच आले की प्रसंग जातो. दहाव्या प्रयोगापर्यंत नाटक पंधरा-वीस मिनिटांनी आटोपशीर होतं ते असंच. तेव्हा लवकर जाणाऱ्यानं जबाबदारीनं खोकावं. घसा खराब असेल तर खोकल्याची गोळी आधीच सोलून ठेवा, कारण तो कागद नेमका बापलेकीच्या समेटाच्या वेळी वाजतो आणि दिग्दर्शकाच्या वहीत तुमचीच नोंद होते.

नाट्यगृहाबद्दल थोडक्यात. दादरच्या शिवाजी मंदिरात एकाच दिवशी दोन-तीन वेगवेगळी नाटकं लागतात. मधल्या वेळात एका संसाराच्या भिंती खाली उतरतात आणि दुसऱ्याच्या वर चढतात, तेव्हा उशीर झाला तर चिडू नका. पुण्यात बालगंधर्वला रात्रीचा प्रयोग साडेनऊचा. शेवटची बस नाटकापेक्षा शिस्तीची असते, एवढं बघा. पार्किंगवर लिहिण्यासारखं काही नाही, कारण पार्किंग नाही.

तिसऱ्या घंटेच्या आत जागेवर बसा. पहिली घंटा वड्याची, दुसरी चहाची, असा गैरसमज जुन्या जाणत्यांमध्येही आहे. मोबाइल बंद ठेवण्याची सूचना होते तेव्हा सगळे हसून मान डोलावतात, कारण ती सूचना दुसऱ्यांसाठी असते. पडदा उघडल्यावर ओळखीचा नट दिसला की टाळ्या पडतील. त्यानं अजून काही केलेलं नसतं, फक्त तो आला. तुम्हीही वाजवा, नव्या नाटकात त्याच्या पायात तेवढंच बळ असतं. शेजारच्या काकू मात्र मालिकेतलं त्याचं नाव मोठ्यानं सांगतील. ‘हो का’ म्हणा. वाद घातलात तर पहिला अंक जाईल.

मध्यंतरात मत देऊ नका. वड्याच्या रांगेत तुमच्या पुढे लेखकाचे आईवडील उभे असू शकतात. शुभारंभाला ते असतातच.

प्रयोगानंतर रंगपटात जाण्याची प्रथा आहे आणि नवशिक्यानं जरूर जावं, पण शब्द तोलून न्यावेत. ‘नेपथ्य फार छान होतं’ हे वाक्य नटासमोर कधीही उच्चारू नये. ‘मेहनत दिसते’ हे तर त्याहून घातक: मेहनत दिसू नये म्हणूनच त्यानं दोन महिने तालीम केलेली असते. ‘वेगळं आहे’ म्हणालात तर निर्माता तिथल्या तिथे खुर्चीवर बसेल. काहीच सुचलं नाही तर नाटकातला एखादा बारीक प्रसंग सांगा, अमुक वेळी तुम्ही पाठमोरे उभे होतात ना, तेव्हा. अर्धा चेहरा रंगलेला, अर्धा पुसलेला असा तो माणूस तुमच्याकडे ज्या नजरेनं बघेल ती कोणत्याही पासावर मिळत नाही.

इथवर जमलं की पुढच्या इयत्तेत जा. त्यासाठी वडसा स्टेशनला उतरावं लागेल. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया हा झाडीपट्टीचा धानाचा मुलूख. भाऊबीजेनंतर गावोगाव मंडई भरते, जिथे मंडई किंवा शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, तिथे रात्री नाटक, आणि त्या नाटकांच्या कंपन्यांची पेठ वडशाला. तिथले कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा मुंबई-पुण्याच्या बऱ्याच रसिकांनी नकाशा उघडला. उशिरा का होईना.

वर शिकलेलं सगळं तिथे विसरायचं. कंपनी आज या गावात, उद्या दुसऱ्या. प्रयोग एकच, त्यामुळे पंचविसाव्याची वाट पाहण्याची सोयच नाही. रात्री उशिरा सुरू झालेलं नाटक पहाटेपर्यंत चालतं. तीन अंक, गाणी, लावणी, आणि पेटी-तबलेवाले रंगमंचापुढे. गावातल्या लेकी-जावयांना निमंत्रण गेलेलं असतं, आणि पाहुणे आले की मुलगी दाखवण्याचा कार्यक्रमही त्याच फेरीत उरकतो. तुमच्याबरोबर लग्नाचा मुलगा असेल तर त्याला इस्त्रीचा सदरा घालून न्या. थंडी असते, चादर लागेल. परतीची गाडी सकाळची धरा, रात्रीची धरून ‘तिसऱ्या अंकाच्या मध्ये निघू’ असं ठरवू नका. निघू देत नाहीत. आणि ‘कसं आहे, ऐकून मग येऊ’ असं तर तिथे कुणाला म्हणूच नका. ज्याला विचाराल तो आधी तुमचं गाव विचारेल, मग जेवलात का विचारेल आणि सरळ मांडवाकडे घेऊन जाईल.