फॉरमॅट मारू का?

संगणक दुरुस्त करायला आलेला मुलगा खुर्चीत बसतो, माऊस दोनदा हलवतो, पडद्यावर गरगरणाऱ्या चक्राकडे थोडा वेळ पाहतो आणि निकाल देतो, "काका, फॉरमॅट मारावा लागेल." नेमकं काय बिघडलंय, या चौकशीत तो पडत नाही. त्याचंही बरोबरच आहे. निदान करत बसलं तर अख्खी दुपार जाते आणि निदानाचे पैसे कोणी देत नाही. फॉरमॅटचा वेळ ठरलेला, दर ठरलेला आणि गुण हमखास.

मग तो विचारतो, "सी ड्राइव्हमध्ये काही महत्त्वाचं आहे का?" घरातले सगळे एकमेकांकडे पाहू लागतात. निम्म्यांना सी ड्राइव्ह म्हणजे काय ते ठाऊक नसतं. उरलेल्यांची खात्री असते की आपलं सगळं डीमध्ये आहे, कारण सिनेमे आणि गाणी डीमध्ये आहेत. बारशाचे फोटो डेस्कटॉपवर असतात, आजोबांच्या पेन्शनचे कागद 'डॉक्युमेंट्स'मध्ये असतात. ही दोन्ही मंडळी मुक्कामाला सीमध्येच असतात, ही बातमी पुष्कळ घरांत फॉरमॅट झाल्यावर पोहोचते.

फॉरमॅटनंतरचा पहिला तास मात्र सुखाचा असतो. संगणक चटकन सुरू होतो, डेस्कटॉपवर कचऱ्याच्या डब्याखेरीज काही नसतं. दुसऱ्या तासात प्रिंटर बोलेनासा झाल्याचं लक्षात येतं, कारण त्याचा ड्रायव्हर गेलेला असतो. संध्याकाळपर्यंत पासवर्ड आठवण्याचा कार्यक्रम सुरू होतो. मराठी माणसाच्या वाट्याला याहून एक जादा दुःख आहे. युनिकोड रुळण्याआधी श्रीलिपी, आकृती अशा फॉन्टांत टाइप केलेलं पुष्कळ मराठी अजून जुन्या फायलींत पडून आहे. फॉरमॅटबरोबर फॉन्ट गेला की मुंजीच्या आमंत्रितांची यादी रोमन अक्षरांच्या आणि स्वल्पविरामांच्या खिचडीत बदलते. यादी जागेवर असते, फक्त त्यातला एकही नातेवाईक ओळखू येत नाही.

गंमत म्हणजे, ज्याची एवढी धास्ती घ्यायची तो फॉरमॅट पुष्कळदा वरवरचाच असतो. 'क्विक फॉरमॅट' डिस्कवरचा मजकूर पुसत नाही, कुठली फाइल कुठे आहे याची नोंद तेवढी नवी करतो. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर त्या जागी दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत फायली तशाच पडून असतात. म्हणून तर डेटा परत काढून देणाऱ्यांचा धंदा चालतो. आजच्या एसएसडीत रिकाम्या झालेल्या जागा डिस्क स्वतःच साफ करून ठेवते, तिथे अशी आशा जवळपास नाही. थोडक्यात, बारशाचे फोटो परत हवे असतात तेव्हा ते मिळण्याची खात्री नसते. आणि जुना संगणक विकून टाकल्यावर बँकेचं स्टेटमेंट त्यातून गेलंच असेल, याचीही खात्री नसते.

दुसरा मार्ग आहे मागे जाण्याचा. यंत्राची आजची अवस्था नोंदवून ठेवायची आणि काही बिनसलं की त्या घडीला परतायचं. या नोंदीला स्नॅपशॉट म्हणतात आणि परतण्याला रोलबॅक. घरगुती संगणकात ही सोय 'सिस्टिम रिस्टोअर' या नावाने 2000 साली विंडोज मिलेनियमबरोबर आली. ही आवृत्ती कुणाला फारशी आवडली नाही, पण मागे फिरायची वाट तिनेच दाखवली, हा योगायोग मोठा बोलका आहे. स्नॅपशॉट काही क्षणांत घेतला जातो, कारण त्यात सगळ्याची नक्कल होत नाही. इथून पुढे जे बदलेल त्याचं जुनं रूप फेकायचं नाही, एवढंच यंत्र ठरवतं.

पण मागे गेल्यावर बरोबर काय येणार आणि काय मागेच राहणार, हे आधी विचारून घ्यावं. सिस्टिम रिस्टोअर विंडोजच्या फायली, सेटिंग आणि प्रोग्रॅम मागे नेतो, तुमच्या पत्रांना आणि फोटोंना हात लावत नाही. म्हणजे चुकून पुसलेलं पत्र हवं असेल तर त्याचा उपयोग नाही. याउलट, सगळी डिस्कच मागे नेणारी सॉफ्टवेअर आहेत. त्यांच्या हाती कारभार दिला आणि मंगळवारवर परतलात, तर बुधवारी लिहिलेलं पत्र लिहिलंच गेलं नव्हतं, असं यंत्र शांतपणे सांगतं. हाच प्रकार टोकाला नेला की 'डीप फ्रीझ' होतं. कॉलेजच्या लॅबमध्ये आणि सायबर कॅफेत ते पुष्कळ असायचं. दिवसभर पोरांनी कितीही धुमाकूळ घालावा, यंत्र बंद करून चालू केलं की पुन्हा होतं तसं. लॅब सांभाळणाऱ्या सरांची झोप त्याने परत आणली आणि प्रोजेक्ट डेस्कटॉपवर 'सेव्ह' करून निर्धास्त घरी गेलेल्या विद्यार्थ्याची उडवली.

स्नॅपशॉटचा खरा दोष वेगळाच. तो राहतो त्याच डिस्कवर. डिस्क गेली की आठवणीसकट जाते. खंडणी मागणाऱ्या व्हायरसांनाही हे पक्कं माहीत असतं. 2017 साली जगभर धुमाकूळ घालणाऱ्या 'वॉनाक्राय'ने फायलींना कुलूप घातलं, आणि विंडोजने जपलेल्या अशा जुन्या नोंदीही पुसून टाकल्या. परतीच्या वाटा आधी बंद करायच्या, हे चोराला आपल्याआधी सुचतं.

तिसरा मार्ग इमेजचा. अख्खी डिस्क, विंडोज, प्रोग्रॅम, फॉन्ट, प्रिंटरचा ड्रायव्हर, सगळं जसंच्या तसं एका मोठ्या फाइलमध्ये बांधायचं आणि ती फाइल दुसऱ्या डिस्कवर ठेवायची. 1990च्या दशकात न्यूझीलंडमध्ये तयार झालेल्या 'घोस्ट'ने ही रीत जगभर नेली. एक संगणक नीट लावायचा आणि त्याचीच प्रत उरलेल्या रांगेवर उतरवायची, हे ऑफिसांना फारच पसंत पडलं. आज 'क्लोनझिला'सारखं सॉफ्टवेअर हे काम फुकट करतं.

इमेजचं गणित लोणच्याचं आहे. कैरी जशी घालाल तसं लोणचं. यंत्र ठणठणीत असताना इमेज घेतली तर दोन वर्षांनीही ठणठणीत यंत्र हाती येतं. त्यात व्हायरस शिरल्यावर घेतली, तर व्हायरसही तितक्याच निष्ठेने जपला जातो. आणि बरणी उघडून पाहिलेली नसेल तर आत काय आहे याची ग्वाही कोणी देऊ नये. पिक्सारमध्ये 'टॉय स्टोरी 2'चं काम चालू असताना एका चुकीच्या आज्ञेने चित्रपटाचा मोठा भाग पुसला गेला. बॅकअप होताच, पण तो नीट चालत नव्हता हे तेव्हा कुठे उघड झालं. बाळ लहान म्हणून तिथल्याच गॅलिन सुसमन घरून काम करत होत्या आणि त्यांच्या घरच्या संगणकावर एक प्रत होती, म्हणून चित्रपट वाचला. एवढा मोठा स्टुडिओ शेवटी एका बाळाच्या पुण्याईवर तरला.

आता कोणता मार्ग निवडायचा? मला वाटतं, हा प्रश्न विचारायची आपली वेळच चुकते. यंत्र पडल्यावर आपण विचारतो, आणि तेव्हा निवडायला फारसं काही उरलेलं नसतं. स्नॅपशॉट आणि इमेज ही दोन्ही चांगल्या दिवसांत करून ठेवायची कामं आहेत. वाईट दिवशी ज्याला कसलीच पूर्वतयारी लागत नाही असा एकच उपाय हाताशी असतो, तो म्हणजे फॉरमॅट. तो लोकप्रिय आहे ते काही त्याच्या गुणांमुळे नाही. चांगल्या दिवसांत आपल्याला काहीच सुचत नाही, म्हणून. सुरळीत चाललेल्या संगणकासमोर बसून "याची इमेज घ्यावी" असं म्हणणारा माणूस पाहुण्यांना भित्रा वाटतो आणि घरच्यांना रिकामटेकडा.

याची आठवण राहावी म्हणून जगाने 31 मार्च हा बॅकअप दिन ठरवला आहे. दुसऱ्या दिवशी एप्रिल फूल होऊ नये, असा त्यामागचा विनोद. हा दिवस ठरवणाऱ्यांना आपलं आर्थिक वर्ष ठाऊक नसावं. त्या रात्री आपल्याकडचा निम्मा हिशेबनीस वर्ग ताळेबंदाशी झुंजत असतो. वर्षभराचे हिशेब ज्या संगणकात आहेत त्याचा बॅकअप घ्यायला त्याच दिवशी कोणाला सवड नसते.

तरी निकाल द्यायचाच तर असा देईन. नवा ड्रायव्हर किंवा मोठा अपडेट टाकण्याआधी स्नॅपशॉट, कारण ही चूक दहा मिनिटांत कळते आणि दहा मिनिटांत निस्तरते. विंडोज नव्याने टाकून, प्रिंटर बोलता करून, मराठी फॉन्ट घालून सगळं मनासारखं झालं की त्याच दिवशी इमेज, आणि ती वेगळ्या डिस्कवर. व्हायरसने घर केलं आणि निरोगी दिवसांतली इमेज नसली तर बेधडक फॉरमॅट. संगणक विकायचा असेल तर तोही, पण क्विक नव्हे, डिस्क पूर्ण पुसणारा. फोटो आणि कागदपत्रं यांना मात्र या तिन्हींच्या भरवशावर सोडू नका. त्यांच्या तीन प्रती असाव्यात, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक घराबाहेर.

तुमचा संगणक आज नीट चालत असेल तर हीच वेळ आहे. संध्याकाळी एक बाहेरची डिस्क जोडा, इमेज घ्या, आणि ती उघडते का तेही पाहा. मग तो मुलगा आला आणि "फॉरमॅट मारू का?" म्हणाला, तर त्याला चहा द्या आणि ती डिस्क हातात द्या.