पोहणं नातवाचं, दम आजोबाचा

पिंपरी-चिंचवडच्या मधून पवना वाहते, एका अंगाला इंद्रायणी, दुसऱ्या अंगाला मुळा. आणि नळाला पाणी येतं एक दिवसाआड. 2019च्या नोव्हेंबरपासून ही व्यवस्था चालू आहे, त्यामुळे आमच्या इमारतीतली लहान मुलं आजचा वारसुद्धा पाण्यावरून सांगतात. अशा गावात राहून सूनबाईंनी एका रविवारी जाहीर केलं, की दीड वर्षाच्या बाळराजांना पोहायला घालायचं.

"कुठे?" मी विचारलं. डोळ्यांपुढे उन्हाळ्यातली पवना आली. जलपर्णी इतकी दाट, की त्यात मूल सोडलं तर ते चालतच पलीकडे पोचेल.

"बाबा, क्लास आहे वाकडला. आई-वडिलांसोबत उतरायचं असतं. गरम पाण्याचा टँक आहे."

गरम पाणी म्हटल्यावर स्वयंपाकघरातून आमची ही बाहेर आली. "इथे टँकरच्या बिलावरून सोसायटीत भांडणं चाललीत, आणि तिकडे पाणी तापवून त्यात पोरं भिजवतात?"

आता आई-वडिलांसोबत म्हणजे कोणासोबत? चिरंजीव चाकणला, सेकंड शिफ्ट. सूनबाई हिंजवडीला, लॉगइन सकाळीच. उरलो मी: चाकणच्या एका कारखान्यात सेफ्टी खात्यात हयात घालवून निवृत्त झालेला, आणि घरात एकट्यालाच पोहता येणारा.

माझं पोहणं खेड तालुक्यातल्या विहिरीतलं. चुलत्यांच्या शाळेत दोनच इयत्ता होत्या. पहिलीत पाठीला पत्र्याचा डबा बांधायचे, दुसरीत डबा सोडायचे. कोणाच्या घरी डब्याऐवजी वाळके भोपळे असत, कोणाकडे पांगाऱ्याचा बिंडा. फी नव्हती, प्रमाणपत्र नव्हतं, नाकातोंडात पाणी मात्र भरपूर. पण एक गोष्ट लक्षात घ्या. हे सगळं सात-आठ वर्षांच्या पुढच्या पोरांसाठी. रांगणाऱ्या-चालणाऱ्या पोराला विहिरीची वाटसुद्धा कोणी दाखवत नसे. "तिकडे साती आसरा आहेत, ओढून नेतात," एवढं सांगितलं की काम होई. पुढे मी कारखान्यात जन्मभर धोक्याच्या पाट्या लावल्या. आसरांइतकी वाचली गेलेली पाटी एकही नव्हती.

तर वाकड. दारातच नियम कळले: नायलॉनचा पोशाख सक्तीचा, टोपी सक्तीची. केस पाण्यात पडू नयेत म्हणून टोपी. मी माझं डोकं काउंटरवरच्या मुलीला पुढे करून दाखवलं. तिने ते नीट पाहिलं आणि म्हणाली, "नियम सगळ्यांना सारखा आहे, काका." बाळराजांना खास लंगोट मिळाला, फुगत नाही असा. मला मिळालेली टोपी जांभळी होती आणि तिच्यावर डॉल्फिन होता.

शिक्षिका मात्र लाख माणूस. एका तरुण वडिलांनी मोबाइलवर व्हिडिओ दाखवला, त्यात तान्हं मूल पाण्याखाली सुळकन जात होतं. "हे आमच्याला कधी जमेल?" तिने स्पष्टच सांगितलं, की ते पोहणं नव्हे. तान्ह्याचा चेहरा पाण्यात गेला की त्याचा घसा आपोआप बंद होतो, हृदयाचे ठोके मंदावतात. निसर्गाने दिलेली ती तात्पुरती सोय आहे, काही महिन्यांत ओसरते. तिच्या भरवशावर कोणी मूल बुचकळून काढू नये. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं म्हणणंही तिने सांगितलं: वर्षाच्या आतल्या बाळाला पोहायला शिकवून बुडण्याचा धोका कमी होतो, याला पुरावा नाही. वर्षानंतर शिकवण्याचा उपयोग होऊ शकतो. पण शिकलेलं मूल बुडत नाही, असं मात्र कोणीही समजू नये. दंडाला लावायच्या फुगवलेल्या बाह्यांवर तर तिचा विशेष राग. त्या निसटतात, हवा सोडतात, आणि घालणाऱ्यापेक्षा बघणाऱ्याला जास्त निर्धास्त करतात.

"मग शिकवणार काय?" तरुण वडील जरा फीच्या हिशेबाने बोलले.

शिकवलं ते असं: सांगितल्याशिवाय पाण्यात जायचं नाही. पडलो तर वळायचं आणि काठ धरायचा. काठ धरून हात-हात सरकत पायऱ्यांपर्यंत जायचं. आणि मोठ्या माणसाने मुलापासून हाताच्या अंतरावर राहायचं, हात लांब केला की मूल लागलं पाहिजे. चार वर्षांची मुलं हे झटकन शिकली. बाळराजांनी पहिल्या दिवशी टँकच्या कडेची जाळी बोटाने तपासली, माझी टोपी ओढून पाण्यात टाकली आणि ती बुडते की तरंगते हे लक्षपूर्वक पाहिलं.

घरी चिरंजीवांना वेगळीच घाई. "लवकर सुरू केलं पाहिजे बाबा, नाहीतर उशीर होतो." कशाला उशीर होतो, ते त्याला सांगता येईना. मी त्याला मुरलीकांत पेटकरांची आठवण करून दिली. मूळचे सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूरचे, फौजेत मुष्टियोद्धा. 1965च्या युद्धात अंगात गोळ्या शिरल्या, कमरेखालचं शरीर निकामी झालं, त्यानंतर उपचार म्हणून ते पाण्यात उतरले. आणि 1972 साली हायडेलबर्गला 50 मीटर फ्रीस्टाइलमध्ये पॅरालिम्पिकचं सुवर्ण घेऊन आले. भारताचं ते पहिलं. पुढे नोकरी केली आपल्या टेल्कोत. "तेव्हा तुझ्या पोराला दुपारची झोप काढायला हरकत नाही," मी म्हणालो.

खरा घोटाळा पुढे झाला. शिक्षिकेने सहज विचारलं, "घरी पाणी कशात साठवता?" आणि माझ्यातला सेफ्टी ऑफिसर निवृत्तीतून परत आला.

कारखान्यात आम्ही 'नियर मिस' लिहायला लावायचो. अपघात झाला नाही, पण होता होता राहिला, त्याची नोंद. घरी वही घेऊन फेरी मारली. पाण्याचा दिवस होता. बाथरूममध्ये पिंप भरलेलं, दोन बादल्या भरलेल्या, बाळाचा टब भरलेला, बाल्कनीत घंगाळ. आता गणित बघा. दीड वर्षाच्या मुलाचं डोकं शरीराच्या मानाने जड. ते बादलीत वाकलं की तोल पुढे जातो, पाय सुटतात, आणि हातांत स्वतःला वर ढकलायचा जोर नसतो. भरलेली बादली कलंडतही नाही. वीतभरसुद्धा पाणी लागत नाही, एक-दोन मिनिटं पुरतात. आणि सिनेमातल्यासारखं हात हलवून ओरडणं वगैरे काही नसतं. तोंड पाण्यात असलेला माणूस ओरडणार कसा? शेजारच्या खोलीत टीव्ही बघणाऱ्याला पत्ताच लागत नाही. आम्ही ज्या मुलाला वाकडला नेऊन पाण्याची ओळख करून देत होतो, त्याच्यापासून पाणी घरात चार पावलांवर होतं, तेही विना टोपी.

उपाय योजले. बाथरूमच्या दाराला वर कडी. पिंपाला झाकण आणि झाकणावर पाटा. वापरलेली बादली रिकामी करून पालथी.

"उद्या पाणी येणार नाही, आणि हे बादल्या पालथ्या घालतायत!" आमच्या हिने सोसायटीला ऐकू जाईल असं सांगितलं. चिरंजीव रात्री एक वाजता शिफ्टवरून आले, घाईत होते, पाटा त्यांच्या पायावर पडला. ही नोंद नियर मिसमध्ये करावी की अपघातात, यावर वाद झाला. शेवटी अरुंद तोंडाचे वीस लिटरचे जार आणले, पाणी त्यांत गेलं, आणि पाटा चटणीकडे परतला.

यामागे जागतिक आरोग्य संघटनाही उभी आहे, हे मी हिला मुद्दाम वाचून दाखवलं. 2021 साली जगात सुमारे तीन लाख माणसं बुडून गेली, त्यांत जवळजवळ चौथा हिस्सा पाच वर्षांच्या आतला. संघटनेचा सल्ला असा, की पोहायला आणि सुरक्षित राहायला शिकवा सहा वर्षांच्या पुढच्यांना. त्याहून लहान असतील तर पाण्याला अडसर घाला आणि दिवसा त्यांच्यावर लक्ष ठेवणारी पाळणाघरं काढा. बांगलादेशात खेडोपाडी अशी पाळणाघरं चालवली गेली. थोडक्यात, एवढे तज्ज्ञ जिनिव्हात बसले आणि त्यांनी आजोबा शोधून काढला.

"आजी," ही म्हणाली.

क्लासमध्ये एक धडा फक्त मोठ्यांसाठी होता. बुडालेल्याला पालथं घालून, पोट दाबून पाणी काढायचं, हे आमच्या गावातलं पक्कं ज्ञान. शिक्षिकेने ते पहिल्या मिनिटात मोडीत काढलं. श्वास थांबला असेल तर पोटातल्या पाण्याच्या मागे लागू नका. आधी तोंडाने श्वास द्या, मग छाती दाबा, दुसऱ्याला 108ला फोन करायला सांगा. रबरी बाहुलीवर सराव केला. आजोबा दुसऱ्याच बाळाला पापे देतायत असं समजून बाळराजांनी भोकाड पसरलं.

पण त्या टँकवर मला सगळ्यात भीती वाटली ती पाण्याची नव्हे. पाण्यात कमरेएवढे उभे पालक, एका हातात मूल, दुसऱ्या हातात जलरोधक पाउचमधला मोबाइल. काठावरचे बाकीचे तर चित्रीकरणासाठीच आलेले. मुलाकडे सगळे बघत होते, फक्त स्क्रीनवर.

म्हणून मी सोसायटीच्या सभेत ठराव मांडला. आपल्या पोहण्याच्या टँकवर एका वेळी एक प्रौढ 'पाण्याचा पहारेकरी' असावा. मनगटाला लाल पट्टी, गळ्यात शिट्टी, खिशात फोन नाही, गप्पा नाहीत. पंधरा मिनिटांनी पट्टी दुसऱ्याला. टाळ्या पडल्या. मग सेक्रेटरींनी विचारलं, पट्टीचा खर्च मेंटेनन्समध्ये धरायचा की क्लब हाउसमध्ये? बी विंगने लाल रंगाला हरकत घेतली. तीन कोटेशन्स मागवायचं ठरलं. तेवढ्यात खजिनदारांनी आठवण करून दिली, की टँकरचं बिल थकल्यामुळे टँक मार्चपासून कोरडाच आहे.

ठराव एकमताने मंजूर झाला. पहिला पहारा माझा.