राहायला कुठे?

अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीत गेटांवर पाट्या लटकतात: 'इंजिनिअर पाहिजेत. फ्रेशर चालेल, अनुभव दोन वर्षे.' वॉचमन बायोडेटा घेऊन ड्रॉवरमध्ये सरकवतो. साहेब कायम मीटिंगमध्ये.

नशिबाने बोलावणं आलंच, तर उल्हासनगरच्या गजानन मार्केटातली नवी पँट चढवून, मार्कशीटची फाईल छातीशी धरून पोरगा हजर. लिमिट्स-फिट्स, थर्मोडायनॅमिक्सचा दुसरा नियम, सगळं तोंडपाठ. साहेबांचा पहिलाच प्रश्न: "राहायला कुठे?"

"इथंच सर, कंपनीच्या मागे!"

झाली मुलाखत. जवळचा पोरगा म्हणजे आज कामगार, उद्या युनियन, परवा नगरसेवकाचा फोन. त्यापेक्षा बदलापूरच्याने चाकणला जावं, चाकणच्याने अंबरनाथला यावं. भाड्याच्या खोलीतला माणूस कसा गुमान राबतो!

बरं, यात कायदाही कुठे मोडत नाही. उद्योगांत ८० टक्के स्थानिक घ्या, असं सरकारचं धोरण आहेच. पण सरकारी हिशेबात स्थानिक म्हणजे महाराष्ट्रात १५ वर्षं राहिलेला. म्हणजे चाकणवालाही स्थानिकच, कागद चोख.

तेव्हा पोरांनो, बायोडेटावर पत्ता मामाच्या गावचा टाका. आणि मुलाखतीला येताना जरा दमल्यासारखं दिसा.