काका आणि क्रोशाची सुई

"काकू, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"विचार की. पण आवाज लहान ठेव, हे पडवीतच आहेत."

"नेवऱ्याहून येताना एसटीत दोघी बोलत होत्या. म्हणे काका क्रोशा शिकतायत?"

"पोचलं का तिथवर! हो गो, शिकतायत. रविवारी आरे-वारेच्या चढावर गाड्या थांबतात ना, त्यातली एक पुण्याची बाई पाणी मागायला आत आली नि यांचा फोटो काढून गेली. तो फिरत असणार. रिटायर झाल्यापासून आधी पेपर दोनदा वाचायचे, मग माझ्या स्वयंपाकघरातले डबे मोजायला लागले. त्यात पाऊस, लाईट गुल. म्हटलं, घ्या ही सुई नि बसा गप."

"आणि बसले?"

"बसले म्हणजे! पण साखळी इतकी आवळून घालायचे की सुईचं नाक आत शिरेना. जन्म गेला बिलं तपासण्यात, हात सैल सोडायची सवय कुठली! मग रुमाल विणला, तो खाली वीतभर नि वर चार बोटं."

"तो कसा?"

"अगो, ओळ उलटताना तीन साखळ्या घेतो, तो पहिला खांब धरायचा. परतताना त्याच्या डोक्यावर टाका घालायला विसरलं की ओळीमागे एकेक खांब गळतो. तर मला म्हणतात, नियम काय ते सांग! मग गोल रुमाल शिकवला. मधे १२ खांब, पुढच्या फेरीत २४, मग ३६. दर फेरीला १२ वाढले की रुमाल सपाट बसतो. कमी वाढवले तर वाटी, जास्त वाढवले तर झालर. तेव्हापासून स्वारी खूश. हिशोब जुळतोय ना!"

"पण लोक बायकी काम म्हणतात हो."

"म्हणू देत. मिरकरवाड्यात जाऊन बघ. मासेमारीची बंदी लागली की एवढाले बाप्ये मांडी घालून जाळी सांधत बसतात. त्यांना हसतं कोणी? जाळ्यात गाठ असते नि क्रोशात नुसता फास, म्हणून टोक ओढलं की सगळं उसवतं. एवढाच काय तो फरक. आणि आंध्रातल्या नरसापूरच्या क्रोशा लेसला २०२४ मध्ये जीआय मिळालाय, ठाऊक आहे? आपल्या हापूसला आहे ना, तोच."

"खरंच?"

"मग! बरं, एसटीत हसत होती ती निळ्या छत्रीवाली ना? वाटलंच. लेकीच्या रुखवतात क्रोशाचं तोरण नि ताटांच्या महिरपी मांडल्या होत्या, लेकीनं केल्या म्हणून सांगत होती. आठवतं?"

"हो, सुरेख होत्या."

"असणारच. मी विणून दिल्या होत्या, पैसे घेऊन. कुठे बोलू नको हो."

"अगं बाई! मला पण शिकवाल?"

"ये दुपारची. लोकर जाडसर नि फिकट रंगाची आण. काळ्यात टाके दिसत नाहीत, नवख्याचे डोळे फुटतात. सुई चार मिलिमीटरची. बारीक स्टीलची आत्ता नको. ती आपल्या खाऱ्या हवेत गंजतेही, मी खोबरेल पुसून ठेवते."

"आणि गणपतीसाठी एक तोरण हवं होतं. काका देतील करून?"

"त्यांना विचार. दर मात्र माझ्याशी ठरव."