वेगाची अब्रू

ज्या वस्तूची कसोटी पाहण्याची सोय आपल्या मुलखात नाही, त्या वस्तूच्या कीर्तीला आपल्या मुलखात कधी बाध येत नाही, असा माझा फार दिवसांचा समज आहे. आणि हा समज दृढ होण्यास कल्याण-शीळ रस्त्याइतके साहाय्य अन्य कोणत्याही गुरूने केलेले नाही. ताशी साडेतीनशे किलोमीटर धावण्याचे सामर्थ्य अंगी बाळगणारी एखादी तेजस्वी विलायती मोटार काटई नाक्यावर, पुढे सिमेंटचा मिक्सर, मागे भाजीचा टेम्पो आणि दोन्ही बगलांस रिक्षा अशा कडेकोट बंदोबस्तात उभी असते, तेव्हा तिच्याकडे पाहणाऱ्या माणसांपैकी एकालाही तिच्या वेगाविषयी तिळमात्र शंका येत नाही. तीच मोकळ्या रस्त्यावर धावली असती, तर कोणीतरी घड्याळ लावले असते, कोणी दुसऱ्या मोटारीचा दाखला दिला असता आणि वादाला तोंड फुटले असते. आमच्या रस्त्यांनी तो कज्जा सुनावणीपूर्वीच दप्तरदाखल करून टाकला आहे. महागड्या आणि वेगवान मोटारींना लाभलेली प्रतिष्ठा रास्त आहे काय, हा प्रश्न जगात अन्यत्र यंत्रशास्त्राचा असेल. ठाणे-कल्याण-डोंबिवलीत तो केवळ श्रद्धेचा आहे.

आमच्या इमारतीतील एका सद्गृहस्थांचे जावई ठाण्यास घोडबंदर रस्त्यावर राहतात. गेल्या पाडव्यास ते सासुरवाडीला आले ते अशाच एका मोटारीतून आले. आमची इमारत डोंबिवली पूर्वेस ज्या काळी उभी राहिली, त्या काळी मध्यमवर्गीय मनुष्य मोटार बाळगील अशी शंका नगररचना खात्यास, बिल्डरास किंवा खुद्द मध्यमवर्गीय मनुष्यासही आलेली नव्हती. त्यामुळे दीड कोट रुपये किमतीची ती वस्तू फाटकात आडवी उभी राहिली आणि दूधवाला, पेपरवाला व सेक्रेटरी अशा तीन सत्ता एकाच वेळी खोळंबल्या. एरवी स्कूटर आडवी लावणारास लेखी नोटीस देणाऱ्या सेक्रेटरीसाहेबांनी त्या दिवशी स्वतः बाहेर येऊन, मुलांनी चेंडू खेळू नये असा हुकूम सोडला. प्रतिष्ठेचे हे पहिले प्रत्यक्ष प्रमाण मी पाहिले, आणि त्यात इंजिनाचा काडीमात्र संबंध नव्हता, कारण इंजिन बंद होते.

"काका, चला, ठाण्यापर्यंत चक्कर मारू," असे जावईबापू म्हणाले, आणि मी बसलो. बसलो म्हणण्यापेक्षा उतरलो म्हणणे अधिक खरे. पंगतीत पाटावर बसावे तितक्या खालच्या पातळीवर ते आसन होते, आणि तेथून माझ्या नजरेस रस्ता न पडता फक्त शेजारच्या ट्रकांची चाके पडत होती. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमाप्रमाणे गतिरोधकाची उंची १० सेंटिमीटर आणि रुंदी ३.७ मीटर असावी लागते. परंतु आमच्याकडचे बरेचसे गतिरोधक रोड्स काँग्रेसने घातलेले नसून, अपघातानंतर संतप्त झालेल्या ग्रामस्थांनी एका रात्रीत घातलेले असतात, आणि संतापाला मोजपट्टी नसते. अशा प्रत्येक उंचवट्याशी जावईबापू थांबत, एक कळ दाबत, मोटारीचे नाक सावकाश वर होई, मोटार तिरकी होऊन एकेक चाक पलीकडे ठेवी, आणि मागचा टेम्पोवाला आपल्या कर्ण्याच्या द्वारे आपले मत नोंदवी.

"ही दोनशे ऐंशीपर्यंत जाते," जावईबापू म्हणाले.

"कुठे?" मी विचारले.

"जर्मनीत."

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून निघालेली पहिली आगगाडी साहिब, सिंध आणि सुलतान या तीन इंजिनांच्या जोरावर १४ डबे आणि सुमारे ४०० माणसे घेऊन ३४ किलोमीटरचे अंतर तासा-सव्वा तासात तोडून ठाण्यास पोहोचली होती. तितक्याच अवधीत आम्ही दोन माणसे शीळफाट्याच्या दर्शनास लागलो. तेथे एक शेअर रिक्षा आमच्या शेजारी येऊन उभी राहिली. चालकाने मोटारीच्या अंगावरून आदराने नजर फिरवली, क्षणभर विचार केला आणि या देशातील समस्त वाहनांना एकाच न्यायासनासमोर उभे करणारा तो सनातन प्रश्न विचारला : "शेठ, ॲव्हरेज काय देते?" जावईबापू हळू आवाजात म्हणाले, "पाच-सहा." रिक्षावाल्याच्या मुद्रेवरील आदर मावळून तेथे निर्भेळ करुणा प्रकट झाली, आणि त्याने आपली रिक्षा थोडी मागे घेऊन आम्हांस वाट करून दिली. संपूर्ण प्रवासात आम्हांला मिळालेली ती एकमेव वाट होय.

याच रस्त्यावरून मला एक जुनी गोष्ट आठवली. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली फियाट, आणि पुढे तिचेच झालेले पद्मिनी हे रूप, मुंबईने काळ्यापिवळ्या वेषात कैक वर्षे अंगाखांद्यावर खेळवले. त्याच कंपनीच्या कल्याण-शीळ रस्त्यालगतच्या कारखान्यात विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात पूजो ३०९ ही फ्रेंच मोटार तयार होत असे. युरोपात रॅलीच्या शर्यती गाजवलेल्या घराण्याची ती मोटार. आमच्या खड्ड्यांवरून तिचे चालणे इतके सुखाचे असे, की जाणकार आजही तिची आठवण काढतात. परंतु कामगारांचा तंटा झाला, भागीदारी मोडली, सुट्या भागांची वाण पडली, आणि काही वर्षांतच कारखान्यास टाळे लागले. आज तेथे टोलेजंग इमारती उभ्या आहेत आणि मैदानापुरते प्रीमियरचे नाव लोकांच्या तोंडी उरले आहे. डोंबिवलीच्या वेशीवर बनलेली ती मोटार डोंबिवलीत कोणी प्रतिष्ठेची मानल्याचे मला स्मरत नाही. पिकते तेथे विकत नाही, हे खरेच. पण जी मोटार आमच्या रस्त्यांवर प्रत्यक्ष गुण दाखवीत होती तिला मान मिळाला नाही, आणि जी दाखवू शकत नाही तिच्यासाठी सेक्रेटरी फाटकात उभे राहतात, हा न्याय मला अद्याप उलगडलेला नाही.

गुणाची कसोटी घेऊन मगच कीर्ती बहाल करण्याची पद्धत आमच्या मुलखात अस्तित्वातच नाही असे मात्र नव्हे. ती कल्याण-अंबरनाथकडच्या गावांत बैलगाडा शर्यतींच्या रूपाने नांदते. बैल कोणाचा, त्याच्या गळ्यातली माळ किती रुपयांची, त्याच्या मालकाचे राजकारण कोणते, हे सर्व शर्यत सुरू होईपर्यंत बोलायचे. एकदा गाडा सुटला की काही सेकंदांत निकाल लागतो, आणि हरलेल्या बैलाची अब्रू कोणत्याही दलालास सावरता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १८ मे २०२३ रोजी या शर्यतींना परवानगी देणारा महाराष्ट्राचा कायदा वैध ठरवला, तेव्हा गावोगाव गुलाल उधळला गेला. आता योगायोग पाहा : लॅम्बोर्गिनी या मोटारीचे जनक फेरुच्चो लॅम्बोर्गिनी हे मूळचे ट्रॅक्टर बनवणारे, १९६३ साली त्यांनी मोटारींचा कारखाना काढला आणि स्वतःची रास वृषभ म्हणून बैल हे चिन्ह घेतले. पुढे मिउरा हे नाव त्यांनी स्पेनमधील बैलांची पैदास करणाऱ्या घराण्यावरून घेतले, आणि त्यांच्यामागून कंपनीने अव्हेंतादोर हे नाव १९९३ साली सारागोसाच्या रिंगणात पराक्रम केलेल्या बैलाचे घेतले. म्हणजे शेतीशी संबंध, बैलाचा अभिमान आणि वेगाचा हट्ट या तिन्ही बाबतींत ते गृहस्थ कल्याण तालुक्यातील एखाद्या प्रतिष्ठित आगरी जमीनदाराचे सोयरे शोभावेत. फरक इतकाच, की आमच्याकडे बैलाला धावून दाखवावे लागते. त्यांच्या बैलाला पलाव्याच्या चौकात नुसते उभे राहिले तरी पुरते.

ज्या दिवशी चांगला रस्ता मिळतो, त्या दिवशीच या कीर्तीस खरा धोका उत्पन्न होतो, याविषयी एक जाहीर दाखला आहे. ठाण्याशी जुना ऋणानुबंध असलेल्या रेमंड समूहाचे गौतम सिंघानिया हे वेगवान मोटारींचे नामांकित शौकीन. २०२४ च्या ऑक्टोबरात त्यांनी जाहीरपणे तक्रार मांडली, की त्यांची नवी लॅम्बोर्गिनी रेव्हुएल्तो वीजयंत्रणा निकामी होऊन अटल सेतूवर बंद पडली. ही मोटार भारतात ८ कोटी ८९ लक्ष रुपये मूळ किमतीस दाखल झालेली, हजारांहून अधिक अश्वशक्तीची, बारा सिलिंडरांचे इंजिन आणि तीन विद्युत मोटर बाळगणारी. एका मोटारीवरून साऱ्या घराण्यास दोषी ठरवणे न्यायाचे होणार नाही, हे मला मान्य आहे. परंतु १२ जानेवारी २०२४ रोजी उघडलेला तो सुमारे २२ किलोमीटरांचा सेतू म्हणजे खड्डा नाही, टेम्पो नाही, ग्रामस्थांचा गतिरोधक नाही असा मुंबईच्या आसपासचा दुर्मीळ रस्ता. आणि नेमक्या तेथेच हा प्रसंग यावा! ती मोटार त्या दिवशी मुंब्रा बायपासवर असती, तर ती बंद पडली आहे की नुसतीच रांगेत उभी आहे, हे कोणास कळलेही नसते.

मग मनुष्य इतके द्रव्य कशासाठी मोजतो? २०१० च्या ऑक्टोबरात तेव्हाच्या औरंगाबादेतील उद्योजक-व्यावसायिकांनी एकत्र येऊन दीडशे मर्सिडीज एकदम खरेदी केल्या. आपल्या शहराची देशाने दखल घ्यावी हा त्यांचा हेतू त्यांनी लपवला नव्हता, आणि देशाने ती घेतलीही. त्या व्यवहारातील हा प्रांजळपणा मला आवडतो. आमच्याकडे हेतू वेगाचा सांगतात आणि लक्ष नंबराच्या पाटीवर असते. राज्य शासनाने २०२४ साली ०००१ या चारचाकीच्या क्रमांकाचे शुल्क तीन लक्षांवरून पाच लक्षांवर नेले, तेव्हा एखादी गाडी येईल इतका नजराणा केवळ चार आकड्यांसाठी देणाऱ्यांची रीघ कमी होईल, असे सरकारासही वाटले नसावे. त्यातही आमचे जावईबापू डोंबिवलीत घर घेण्याचे टाळतात त्याचे एक कारण म्हणे असे, की मग पाटीवर ठाण्याच्या एमएच-०४ ऐवजी कल्याणचे एमएच-०५ येईल. ही गोष्ट त्यांच्या सासऱ्यांनी मला जिन्यात, आवाज खाली करून सांगितली.

या मोटारींचे श्रेय मात्र मी नाकारणार नाही. चाक जखडू न देणारी एबीएस ही यंत्रणा बॉशने तयार केली आणि १९७८ साली ती प्रथम मर्सिडीजच्या ऐषारामी एस-क्लासमध्ये आली. आपल्या देशात २०१९ च्या एप्रिलपासून ती प्रत्येक नव्या मोटारीस सक्तीची झाली. म्हणजे श्रीमंताने हौसेखातर भरलेला पैसा चाळीस वर्षांनी का होईना, पावसाळ्यात पत्रीपुलावरून जाणाऱ्या कारकुनाच्या छोट्या मोटारीत येऊन पोहोचला. ज्या अभियंत्यांनी हे घडवले त्यांना मी दोन्ही हात जोडतो. परंतु आमच्या इमारतीत हात जोडले गेले ते मोटारीच्या मालकाला, आणि त्याने तर फक्त हप्ते भरले होते. तेही, सासऱ्यांच्या खासगी कैफियतीनुसार, सर्व भरले नव्हते.

तेव्हा कज्जा इतका सोपा नाही. इंजिनाची प्रतिष्ठा रास्त, मालकाची उसनी, आणि दोघांचीही अब्रू सांभाळण्याचे काम आजवर सार्वजनिक बांधकाम खात्याकडे होते. आता मात्र ते खातेच उलटले आहे. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा शेवटचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा तुकडा खुला झाला, आणि नागपूरहून निघालेला ७०१ किलोमीटरचा तो सरळसोट रस्ता आमच्याच ठाणे जिल्ह्यात, भिवंडीजवळ येऊन ठेपला. यापुढे सबब चालणार नाही. ज्यांच्या जावयांकडे, साडूंकडे किंवा नगरसेवकांकडे अशी मोटार असेल, त्यांनी तिच्यासह एकदा पहाटे आमण्यास जावे आणि कायद्याच्या चौकटीत राहून तिची खुशाल कसोटी घ्यावी. फक्त एक गोष्ट निघण्यापूर्वी ध्यानात असू द्यावी : समृद्धीवर मोटारींसाठी वेगाची मर्यादा ताशी १२० किलोमीटर आहे, आणि तेवढा वेग आमच्या सेक्रेटरीसाहेबांची जुनी मारुतीही गाठते.