ट्रकच्या नाकातलं पाणी

पावसाळ्यात कोकणात कोरडं काय राहतं? आमच्या आईला विचाराल तर, जे डब्यात आहे ते. पापड, सांडगे, आमसुलं, कुळथाचं पीठ, काडेपेटी आणि माझं पेन्शनचं पासबुक, सगळं पिशवीत गुंडाळून, वर रबर लावून पत्र्याच्या डब्यांत बसलेलं असतं. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो त्या मुलखात याला धर्मच म्हणायचं. त्यामुळे ट्रकचा सेन्सर ओलीने गेला असं मिस्त्रीने अंगणात उभं राहून सांगितलं, तेव्हा आईने माझ्याकडे बघून एवढंच विचारलं, "पिशवीत नव्हतास घातला?"

ट्रक अर्धा माझा, अर्धा भाच्याचा. निवृत्तीचे पैसे माझे, स्टिअरिंग त्याचं. पालीच्या बाजूचा जांभा चिरा भरायचा आणि आंबा घाट चढून कोल्हापूरकडे टाकायचा, हा धंदा. पावसाळ्यात चिरेखाणी बंद, म्हणजे जूनपासून गाडी अंगणात फणसाखाली. भाचा लावणीला गावी जाताना सांगून गेला, "मामा, बॅटरी उतरू देऊ नका हां."

मी तीस वर्षं आठवीला विज्ञान शिकवलेला माणूस. उतरू देतो होय? रोज सकाळी देवपूजा आटोपली की छत्री घेऊन केबिनमध्ये चढायचं, चावी फिरवायची, मोजून दोन मिनिटं इंजिन चालवायचं. सायलेन्सरच्या तोंडातून चार थेंब ठिबकले की गाडीचं पोट साफ झालं असं समजून बंद करायचं. जून ते सप्टेंबर एक खाडा नाही. दसऱ्याला तर प्रेशरच्या पाण्याने गाडी खालून-वरून अशी धुऊन काढली, की सायलेन्सरच्या तोंडातसुद्धा एक फवारा मारला. झेंडूची माळ त्यानंतर.

खाण सुरू झाली आणि आठवड्यात डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. मग गाडी पिकअप घेईना. चिऱ्यांनी भरलेला ट्रक आंबा घाटात वरातीच्या चालीने निघाला आणि मागच्या एसटीतले प्रवासी खिडकीतून डोकी काढून आमच्या खानदानाची चौकशी करू लागले.

मिस्त्रीने पाना लावून तो सेन्सर काढला. अंगठ्याएवढं धातूचं बोंडूक, टोकाला भोकाभोकांची टोपी, मागे वायर आणि वायरीच्या शेवटी एक छोटी पेटी. त्याने ते कानाशी धरून हलवलं. आत खुळखुळलं.

"मास्तर, हे गाडीचं नाक. फुटलं."

१ एप्रिल २०२० पासून धुराचे बीएस-सहा नियम आले आणि ट्रकला सर्रास नाक फुटलं, म्हणजे उगवलं. धुरात नायट्रोजनची ऑक्साइडं किती, हे ते हुंगतं आणि संगणकाला चहाडी करतं. हुंगण्यासाठी आतली सिरॅमिकची पट्टी आठशे अंशांच्या आसपास तापवावी लागते. त्या तापलेल्या पट्टीवर पाण्याचा थेंब पडला की तड! पेटत्या कंदिलाच्या काचेवर पागोळीचा थेंब पडल्यावर होतं तसं. हा प्रयोग मी वर्गात दरवर्षी तोंडी करून दाखवत असे.

"पण पाऊस आत गेलाच कसा?" मी विचारलं.

"पाऊस बिचारा बाहेर. पाणी गाडीनेच केलं. नि तुम्ही."

डिझेलमधला हायड्रोजन जळला की पाणी होतं. लिटरभर डिझेलमागे साधारण लिटरभर पाणी. पाइप कडक तापला असेल तर ते वाफ होऊन निघून जातं. थंड पाइपात ते आतल्या आत घाम होऊन बसतं. संगणक शहाणा, पाइप सुकला असं वाटेपर्यंत तो सेन्सर तापवतच नाही. पण माझ्या रोजच्या दोन मिनिटांनी पाइप सुकायचा सोडाच, कोमटही होत नव्हता. चार महिने मी त्यात नैवेद्याच्या मापाने पाणी साठवत होतो, वर दसऱ्याचं तीर्थ. खाण सुरू झाली, गाडी खड्ड्यांतून उधळली, पाणी उडालं, नाक गेलं आणि संगणकाने गाडीचा जोर काढून घेतला. बरं, बॅटरीच्या पदरात तरी काय पडलं? दोन मिनिटांत ती फारशी भरतच नाही. तीस हजारांच्या वर बिल झालं. आठवीच्या धड्याची एवढी फी माझ्या एकाही विद्यार्थ्याने भरलेली नाही.

आणखी एक गंमत. धुरातली ती ऑक्साइडं मारायला याच गाडीला वेगळ्या टाकीतून युरिया पाजावा लागतो. आईला वाटलं होतं, भाताला टाकतो तोच. तो नव्हे, हे द्रावण. त्यात युरिया साडेबत्तीस टक्के, बाकीचे साडेसदुसष्ट टक्के शुद्ध पाणी! ज्या पाण्याने नाक फुटतं तेच बादलीने विकत आणायचं.

नवा सेन्सर बसला त्या संध्याकाळी आईने भाच्याच्या हातात पिशवी आणि दोन रबरं ठेवली. आजीचा शब्द, तो खाली सरपटला आणि बांधून आला. दुसऱ्या दिवशी साखरप्याच्या अलीकडे केबिनमध्ये असा वास भरला, की त्याला हुंगायला सेन्सर लागला नसता. वितळलेलं प्लॅस्टिक पाइपावरून खरवडायला मिस्त्रीने वेगळे पैसे घेतले आणि जाता जाता खरे उपाय फुकट सांगितले. सेन्सर पाइपाच्या वरच्या अंगालाच हवा. वायर कनेक्टरच्या खाली थोडी झोळ देऊन सोडायची, म्हणजे ओघळ झोळाच्या तळाशी गळतो, कनेक्टरात शिरत नाही. कनेक्टरचं रबरी सील जागेवर आहे ना ते बघायचं, आणि प्रेशरचं पाणी तिकडे दाखवायचंसुद्धा नाही.

यंदा जूनपासून बॅटरीची वायर सोडलेली आहे. पंधरा दिवसांनी ती जोडायची आणि गाडी आंबा घाटाच्या पायथ्यापर्यंत नेऊन आणायची, पाइप चांगला रट्ट तापला पाहिजे. पहिल्या फेरीला निघालो तर बायको पाटी घेऊन आली. आठवडाभर न वाळलेले कपडे केबिनमध्ये दोरी बांधून टांगले आणि वर हीटर लावायला सांगितला. "अहो, जातच आहात तर."

नाणीजच्या टपरीवर एकाने विचारलं, "मास्तर, एवढ्या पावसात रिकामी गाडी घाटाकडे?"

काचेमागे माझे तीन बनियन झुलत होते. खोटं बोलायला जागाच नव्हती.

"वाळत घालायला," मी म्हटलं.